ऐंशीला सहा कमी

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी तेवीस हंगाम काढले आहेत. टाइम ऑफिस म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणारं खातं. कोण किती वाजता आला, कुणाची रजा भरपगारी, कुणाची बिनपगारी, हंगामी माणसाचे दिवस किती भरले आणि बंद हंगामात त्याला घरी बसून किती भत्ता मिळणार, हे आमच्या खोलीत ठरतं. त्यामुळे आमच्या घरात आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत दिवस मोजायची वेळ आली की लोक माझ्याकडे येतात. आणि मी मोजलेले दिवस माझ्याच पोरीच्या बाबतीत चुकले.

पोरगी डिप्लोमा झालेली आहे. शिरोलीच्या एमआयडीसीत कास्टिंग करणाऱ्या एका कंपनीत तिला तपासणीचं काम मिळालं. ओतलेला भाग गार होऊन आला की त्याला चीर आहे का, छिद्र आहे का, माप बरोबर आहे का ते बघायचं आणि शिक्का मारायचा. एक ऑक्टोबरला ती रुजू झाली, करार एक वर्षाचा, पगार महिना चोवीस हजार. पगार मर्यादेच्या वर असल्यामुळे तिला कामगार विमा लागू नव्हता. म्हणजे बाळंतपणाच्या रजेचा पगार मिळाला तर तो कंपनीकडूनच मिळणार होता.

बाळंतपणाचं आधीच सांगतो, कारण सगळं त्याच्याभोवती आहे. कंपनीनं तिला ऑगस्टमध्ये निवडलं तेव्हा ती गरोदर होती आणि रुजू झाली तेव्हा साडेचार महिने होत आले होते. तिनं कुणाला सांगितलं नाही. विहीणबाईंची, म्हणजे तिच्या सासूबाईंची ताकीद होती की पाचवा सरेपर्यंत घराबाहेर बोलायचं नाही. मला ते खटकत होतं. पण मुलाखतीत तिला कुणी विचारलं नव्हतं आणि न विचारलेलं सांगावं असं करारात कुठं नव्हतं. करार मी दोनदा वाचला होता. डॉक्टरांनी तारीख दिली होती पाच मार्च. त्या तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत कंपनीत ऐंशी दिवस काम झालेलं असलं, तर सव्वीस आठवडे भरपगारी रजा. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. आधीच्या कंपनीतले दिवस यात धरत नाहीत. तिथला करार सप्टेंबरअखेर संपला होता.

मी कागदावर मांडलं. पाच मार्चच्या आठ आठवडे आधी म्हणजे आठ जानेवारी. एक ऑक्टोबर ते सात जानेवारी, दिवस नव्याण्णव. ऑक्टोबरमध्ये तब्येतीमुळे दोन दिवस बिनपगारी झाले होते. राहिले सत्त्याण्णव. ऐंशी लागतात, म्हणजे सतरा दिवस हातात. हे मी तिला सांगितलं, जावयांना सांगितलं, आणि गल्लीतल्या एकदोघांनाही सांगितलं.

डिसेंबरात तिच्या नणंदेचं लग्न होतं. तिनं फोन करून विचारलं, "पप्पा, चार दिवस रजा टाकू का जास्त?"

मी म्हणालो, "टाक की नऊ. हळदीपासनं पूजेपर्यंत निवांत ऱ्हा. पाय सुजत्यात म्हणतीस न्हवं? सतरा हाईत हातात."

भरपगारी रजा अजून साठलेली नव्हती, म्हणून नऊच्या नऊ बिनपगारी. तिनं घेतल्या.

जानेवारीच्या सुरुवातीला आम्ही तिची ओटी भरली आणि तिला बाळंतपणासाठी घरी आणलं. ठरल्याप्रमाणे आठ तारखेपासून तिनं रजेचा अर्ज दिला. साताठ दिवसांनी तिच्या मोबाइलवर कंपनीचं पत्र आलं. तिनं ते मला वाचून दाखवलं. कामाचे दिवस सत्तर, सबब आपण प्रसूती लाभास पात्र नाही, आपली रजा बिनपगारी समजली जाईल.

मी हसलो. म्हटलं, "कुणीतरी शिकाऊ बसवलाय हिशेबाला. आण हिकडं."

टेबलावर बसलो आणि दिनदर्शिकेवर एकेका दिवसावर खूण करत गेलो. पाचच खुणा झाल्या असतील आणि पहिला सोमवार आला. शिरोलीत त्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. माझा हात त्या चौकोनावर थांबला.

आमच्या कारखान्यात हंगामी माणसाचे दिवस मोजताना साप्ताहिक सुट्टी हजेरीतच धरायची जुनी पद्धत आहे. आठवडाभर राबला, सुट्टी त्यानं कमावली, म्हणून सात दिवस. मी तेवीस वर्षं आठवडा सातानंच मोजत आलो. तिच्या करारात 'प्रत्यक्ष काम केलेले दिवस' असं लिहिलं होतं. ते शब्द मी दोनदा वाचले होते आणि दोन्ही वेळा त्यांचा अर्थ आमच्या खोलीतला लावला होता. नव्याण्णव दिवसांत चौदा सोमवार होते. राहिले पंच्याऐंशी. त्यातून अकरा बिनपगारी गेले, चौऱ्याहत्तर. कंपनीनं त्यातूनही दसऱ्याचा एक आणि दिवाळीचे तीन दिवस वजा केले होते, म्हणून सत्तर. ते चार सुट्टीचे दिवस भरपगारी जाहीर केलेले होते, ते कायद्यानं कामाचे धरावे लागतात. एवढी कंपनीची चूक. बाकीची माझी. मी तिला लग्नात तीनच दिवस रजा घे म्हटलं असतं, तर सगळं बरोबर झालं असतं.

सव्वीस आठवडे म्हणजे एकशे ब्याऐंशी दिवस. दिवसाचा पगार काढायला महिना तिसानं भागला तरी आठशे रुपये, आणि एकूण एक लाख पंचेचाळीस हजार सहाशे. त्या दोघांनी कसबा बावड्याकडं फ्लॅट घेतलेला, त्याचा हप्ता तिच्या पगारातून जायचा. बिनपगारी रजेवर दोन महिन्यांच्या वर घरी राहणं तिला परवडणार नव्हतं, हे ती आधीच बोलली होती. म्हणजे दोन महिन्यांचं बाळ ठेवून तिला कामावर जावं लागणार होतं.

पोरगी समोर बसून शेंगा सोलत होती. मी म्हणालो, "सहा दिवस कमी पडत्यात. आणि ते माझ्यामुळं."

तिनं शेंगांचं ताट बाजूला केलं. "तुमच्यामुळं म्हंजे?"

मी सोमवारचं सांगितलं. तिनं दिनदर्शिका स्वतःकडं ओढली आणि सोमवार मोजले. मग म्हणाली, "मला बी कळाय पायजे हुतं की. करारावर सही माझी हाय." एवढंच. तिच्या आईनं मात्र स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

"गावाचं दिवस मोजतोय बाप, आणि घरात ह्यो उजेड," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शिरोलीला कंपनीत गेलो. पगार आणि रजा बघणारा साहेब तिशीतला होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग सुरुवात केली.

"काका, राग मानू नका. पण येताना सांगाय पायजे हुतं मॅडमनी. आमी जॉइन करून घेतलं आणि दीड म्हैन्यात कळालं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं," मी म्हणालो.

"आसलं विचारता येत न्हाय वो."

"मग तुमचीबी चूक न्हाय आणि तिचीबी न्हाय. आता दिवसांचं बोलूया."

मी कागद पुढं केला. दसरा आणि दिवाळीचे चार दिवस दाखवले. तो कुणालातरी फोन लावून बाजूला गेला, परत आला आणि म्हणाला, "चार धरतो. बरोबर हाय तुमचं. म्हंजे चौऱ्याहत्तर."

"चौऱ्याहत्तर. सहा कमी."

"काका, म्हंजे तुमीच म्हणताय सहा कमी हाईत? मला वाटलं भांडायलाच आलाय."

"कमी हाईत ते हाईत."

त्यानं आवाज उतरवला. तिच्या लाइनच्या सुपरवायझरनं तिच्यासाठी शब्द टाकला होता म्हणाला. डिसेंबरातल्या नऊ दिवसांतले सहा दिवस बाहेरच्या गिऱ्हाइकाकडं तपासणीला गेली होती असं दाखवता येईल. सुपरवायझर सही करेल, तो स्वतः काही बघणार नाही.

मी लगेच नाही म्हणालो नाही, हे लिहायला हवं. दोन हंगामांपूर्वी आमच्या बॉयलरवरचा एक माणूस असाच चार दिवसांसाठी आला होता. बायकोच्या आजारपणात गैरहजर राहिला होता आणि चार दिवसांमुळं त्याचा भत्ता जात होता. मी त्याला म्हणालो होतो, हजेरी ही हजेरी, मी काही करू शकत नाही. तो उठून गेला होता. आता साहेबासमोर बसून माझ्या डोळ्यांपुढं त्याची पाठमोरी चाल आली. दुसरा विचार अगदी व्यवहाराचा होता. उद्या तपासणी झाली, त्या सहा दिवसांत तिचे लग्नातले फोटो निघाले, तर सव्वीस आठवडेही जातील आणि नोकरीही जाईल.

"ते नको," मी म्हणालो. "ती रजेवरनं परत आली आणि सहा दिवस खरंच काम केलं तर? पाच मार्चच्या आधी झालं म्हंजे झालं न्हवं?"

त्यानं पुन्हा फोन केला. "चालंल. पर उभ्यानं काम देता येत न्हाय आता. बसून कागदपत्रं आणि शिक्क्याचं काम देतो. डॉक्टरचं पत्र आणा."

घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "दिली हुती की त्यानं वाट करून! तुमच्या कारखान्यात कुणाचंच दिवस वाढत न्हाईत व्हय?"

"माझ्या हातनं न्हाईत."

"तुमच्या हातनं वाढत न्हाईत, पर कमी झालं की!"

पोरगी म्हणाली, "आई, मी जाते. बसूनच हाय काम." डॉक्टरांनीही पत्र दिलं. अडचण आली ती वेगळीच. शहरातून शिरोलीला जायचं तर पंचगंगेचा पूल लागतो. ओटी भरून माहेरी आणलेली पोरगी बाळंत होईपर्यंत नदी ओलांडत नाही, हे आमच्याकडं घराघरांत पाळतात. ओटी भरली तेव्हा विहीणबाईंनी निघताना उंबऱ्यात उभं राहून हेच सांगितलं होतं. त्यांना न विचारता पोरीला पाठवणं शक्य नव्हतं. फोन मीच लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पावणं, तुमी मोजल्यालं चुकलं, त्येचा भार माझ्या सुनंनं वडायचा?"

"व्हय, ईनबाई. चूक माझीच हाय."

"मग पैसं जाऊ द्यात. आमच्या घरात काय तिच्या पगारावर चूल पेटत न्हाय."

तेवढ्यात पोरगी मध्येच सासूबाईंना म्हणाली, "आई, पैशाचं न्हाय. पगार न्हाय मिळाला तर दोन म्हैन्याचं बाळ तुमच्याकडं ठिवून मला जावं लागंल. मला ते जमायचं न्हाय."

मग विहीणबाई म्हणाल्या, "नदीला ओटी वाहा. खण, नारळ, तांदूळ. हात जोडायचं आणि मग वलांडायचं. माझ्या सासूनं मला आठव्यात दवाखान्याला न्हेलंतं, तवा असंच केलंतं."

मला बरं वाटलं, आणि त्याच भरात मी विचारलं, "येक डाव वाहिली की सहा दिवसाला चालंल न्हवं? जाऊन येऊन बारा खेपा होत्यात."

"पावणं!" विहीणबाई कडाडल्या. "नदी म्हंजे काय तुमचं टाइम ऑफिस हाय व्हय, येकयेक खेप मांडून ठिवाय?"

माझी बायको तोंडाला पदर लावून आत गेली. पोरगी पोट धरून हसत होती. त्या आठवड्यात घरात पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

मी आठवडाभराची रजा टाकली. ऐन हंगामात, गाळप सुरू असताना, तेवीस वर्षांत पहिल्यांदा. मंगळवारी सकाळी ओळखीची रिक्षा केली. आधी घाटावर थांबलो, मायलेकींनी नदीची ओटी भरली, बायको तिथून घरी परतली आणि आम्ही दोघं पूल ओलांडून शिरोलीला गेलो. रोज तिला गेटवर सोडायचं, समोरच्या टपरीवर आणि मग सावलीला बसायचं, आणि सुट्टी झाली की घेऊन यायचं. ती म्हणायची, तुम्ही घरी जावा. मी गेलो नाही. घरी बसून दिवस मोजण्यापेक्षा तिथं बरं होतं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. अठ्ठ्याहत्तर झाले. शनिवारी सुटून बाहेर आली तेव्हा तिच्या चपलांचे पट्टे पायात रुतले होते आणि ती भिंतीला हात लावत चालत होती. रिक्षा सरळ दवाखान्यात घेतली. डॉक्टरबाईंनी रक्तदाब तपासला, पुन्हा तपासला. थोडा वाढला होता. म्हणाल्या, "घाबरायचं कारण नाही, पण उद्या पूर्ण विश्रांती. पाय उशीवर ठेवून झोपून राहायचं. सोमवारी दाखवायला या."

उद्या म्हणजे रविवार, सहावा दिवस. रिक्षात बसल्यावर मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे. एकोणऐंशी तर एकोणऐंशी. मी त्या साहेबाचं पाय धरतो, न्हाईतर हप्ता मी भरतो. तू आता जायचं न्हाय."

एका आकड्यासाठी मी पोरीला पुलापलीकडं नेलं, असं मला वाटायला लागलं होतं.

तिनं डोळे मिटूनच विचारलं, "पप्पा, सहा दिवस सलग पायजेत असं कुठं लिवलंय?"

कुठंच लिहिलं नव्हतं. सलग लागतात ते आमच्याकडं. हंगामात मध्ये खंड पडला की आमची सगळी गणितं बदलतात, म्हणून मी एक मंगळवार ते रविवार धरूनच बसलो होतो. पाच मार्चपर्यंत तिच्यापुढं पाच आठवडे मोकळे होते.

"बरं वाटलं तर मंगळवारी जाते," ती म्हणाली. "न्हाई वाटलं तर त्याच्या म्होरल्या."

रविवारी ती झोपून राहिली. सोमवारी दाब उतरला होता. तो सोमवार सव्वीस जानेवारीचा होता, आणि राष्ट्रीय सुट्टी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आली तर ती भरपगारी दिवसात धरायची का, हा मुद्दा माझ्या लक्षात आला. तो धरला तर ऐंशी तिथंच भरत होते. मी कागद काढला, पेन काढलं.

"पप्पा, त्यावर वाद घालत बसण्यापरीस मी एक दिवस जाऊन येते," पोरगी म्हणाली. "डॉक्टर व्हय म्हणाल्यात. आता कुणी माझा दिवस धरायला नको आणि सोडायला नको."

मी रजा एक दिवस वाढवली आणि मंगळवारी ती गेली. त्या दिवशी मी टपरीवर बसलो नाही, गेटजवळच उभा राहिलो. पहारेकऱ्यानं दोनदा खुर्ची आणून दिली. दुपारी तो साहेब जेवायला बाहेर निघाला, मला बघून थांबला आणि म्हणाला, "काका, अजून चार तास हाईत. बसा की." सुट्टी झाल्यावर पोरगी इतरांच्या मागून सावकाश आली. हातात हजेरीचा छापील कागद होता. साहेबानंच काढून दिला होता, सही-शिक्क्यासह. एकूण दिवस ऐंशी.

रिक्षात मी तो तीनदा वाचला. सोमवार कुठंच धरलेला नव्हता.

रजा दुसऱ्या दिवसापासून, अठ्ठावीस जानेवारीपासून धरली गेली. पत्र आलं आणि बाळंतपणाआधीच्या आठवड्यांचा पगार फेब्रुवारीत खात्यावर जमा झाला. बाळ डॉक्टरांच्या तारखेनंतर सहा दिवसांनी झालं, मुलगी. दवाखान्यात विहीणबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की आठ जानेवारीपासून रजा लागली असती तर बाळ झाल्यावर सतरा आठवडे आणि एक दिवस राहिला असता, आता बरोबर वीस आठवडे राहतात. म्हणजे जवळजवळ तीन आठवडे नातीला जास्त मिळाले.

"म्हंजे तुमचं चुकलं ते बरं झालं म्हणायचं?" विहीणबाईंनी विचारलं.

"तसं न्हाय म्हणत," मी म्हणालो.

"मग गप बसा आणि हिला घ्या," त्या म्हणाल्या, आणि पोर माझ्या हातात दिली.